हातांच्या सांध्यांची झीज आणि 'बोन स्कॅन' : चमकणाऱ्या ठिपक्यांचा अर्थ काय?

पन्नाशी ओलांडली की बोटांची पेरे जाड होऊ लागतात. सकाळी उठल्यावर मूठ घट्ट मिटत नाही, बरणीचे झाकण फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, बोटातली अंगठी साबण लावूनही निघत नाही. या तक्रारी घरोघरी ऐकू येतात आणि बहुतेक वेळा 'वयोमानाने असे होणारच' म्हणून त्यांच्याकडे काणाडोळा केला जातो. त्यातूनच कोणी डॉक्टरांकडे गेले, तर क्ष-किरण तपासणी होते. काही रुग्णांच्या बाबतीत मात्र 'बोन स्कॅन' हा शब्द कानी पडतो आणि मन धास्तावते. ही चाचणी कर्करोग हाडांत पसरला आहे का, हे पाहण्यासाठी केली जाते, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. दुसरीकडे, कर्करोगासाठी बोन स्कॅन केलेल्या रुग्णाच्या अहवालात हातांच्या बोटांवर काळे ठिपके उमटलेले दिसतात आणि रोग तिथवर पोहोचला की काय, या शंकेने घरचे लोक हवालदिल होतात.

प्रत्यक्षात या दोन्ही भीती बहुतांशी अनाठायी असतात. हातांच्या सांध्यांच्या झिजेत बोन स्कॅन काय दाखवतो, काय दाखवत नाही आणि ही चाचणी खरोखर कोणाला आवश्यक आहे, याचा हा आढावा.

झीज म्हणजे केवळ घासणे नव्हे

संधिवात हा शब्द मराठीत फार सैलपणे वापरला जातो. सांधे दुखण्याची अनेक कारणे आहेत आणि त्यांपैकी दोन प्रमुख आहेत. पहिला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. दुसरा ऑस्टिओआर्थ्रायटिस, ज्याला सर्वसाधारणपणे सांध्यांची झीज म्हटले जाते. गुडघ्यांची झीज सर्वांना परिचित आहे. हातांची झीज तितकीच सार्वत्रिक असूनही तिची चर्चा कमी होते.

एका हातात २७ हाडे असतात. झिजेचा रोख त्यांच्यामधील ठरावीक सांध्यांवर असतो : बोटांच्या टोकाकडील सांधे, मधले सांधे आणि अंगठ्याच्या मुळाचा सांधा. टोकाच्या सांध्यांवर येणाऱ्या टणक गाठींना 'हेबर्डनच्या गाठी' म्हणतात. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने त्यांचे वर्णन केले होते आणि त्याच्या निधनानंतर, १८०२ मध्ये, ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मधल्या सांध्यांवरील गाठी शार्ल बूशार या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखल्या जातात. मासिक पाळी बंद होण्याच्या सुमारास आणि त्यानंतर स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो. आई, मावशी, आजी यांच्या हातांवर अशा गाठी असल्यास पुढच्या पिढीत त्या दिसण्याची शक्यता वाढते.

सांध्यातील कूर्चा झिजते हे खरे, पण तेवढ्यावर गोष्ट थांबत नाही. कूर्चेखालील हाड त्या ताणाला प्रतिसाद देते. ते जाड आणि घट्ट होते, कडेला हाडाचे नवे कंगोरे फुटतात, सांध्याच्या अस्तराला मधूनमधून सूज येते. म्हणजे झिजणारा सांधा हा निष्क्रिय सांधा नसतो. तिथे हाडाच्या पेशींची मोडतोड आणि बांधकाम एकाच वेळी चालू असते. बोन स्कॅनमध्ये नेमके हे 'चालू असलेले बांधकाम' टिपले जाते.

क्ष-किरण आणि बोन स्कॅन यांतील फरक

क्ष-किरण चित्र हाडाचा आकार दाखवते. दोन हाडांमधील फट किती अरुंद झाली, कंगोरे किती वाढले, हाड कुठे कुरतडले गेले, हे त्यावर कळते. झिजेची तीव्रता ० ते ४ अशा श्रेणींत मोजण्याची केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ सालची पद्धत आजही वापरात आहे. मात्र क्ष-किरण चित्रात जे दिसते तो आजवरच्या घडामोडींचा जमाखर्च असतो. कालपर्यंत काय झाले ते त्यावर दिसते. आज त्या सांध्यात काय सुरू आहे, ते दिसेलच असे नाही.

बोन स्कॅनची रीत वेगळी आहे. यात शरीरावर बाहेरून किरण सोडले जात नाहीत. किरणोत्सर्गी द्रव्य अत्यल्प प्रमाणात शिरेतून शरीरात सोडले जाते. ते हाडांत जाऊन बसते आणि त्यातून बाहेर पडणारे गॅमा किरण एक विशेष कॅमेरा टिपतो. जिथे हाडाची घडण वेगाने चालू आहे आणि रक्तपुरवठा वाढला आहे, तिथे द्रव्य अधिक साठते आणि चित्रात तो भाग गडद उमटतो. यालाच वैद्यकीय बोलीत 'हॉट स्पॉट' म्हणतात.

येथे आणखी एक घोटाळा टाळायला हवा. हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी आणि बोन स्कॅन या दोन निराळ्या तपासण्या आहेत. डेक्सा चाचणी हाडे ठिसूळ झाली आहेत का, हे सांगते. तिचा सांध्यांच्या झिजेशी थेट संबंध नाही. शिबिरांमध्ये 'हाडांची तपासणी' म्हणून जी केली जाते, ती बोन स्कॅन नव्हे.

टेक्नेशियमची कहाणी

या चाचणीचा कणा म्हणजे टेक्नेशियम-९९एम हे मूलद्रव्याचे किरणोत्सर्गी रूप. आवर्तसारणीत ४३ व्या जागी असलेले टेक्नेशियम कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांनी १९३७ मध्ये इटलीतील पालेर्मो येथे शोधले. त्यासाठी वापरलेला मॉलिब्डेनमचा पत्रा अमेरिकेतील बर्कले येथील सायक्लोट्रॉनमधून आला होता. मानवाने कृत्रिमरीत्या मिळवलेले हे पहिले मूलद्रव्य. 'कृत्रिम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्याचे नाव पडले.

टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुष्यकाल सुमारे ६ तासांचा आहे. म्हणजे दर ६ तासांनी त्याची क्रियाशीलता निम्मी होते आणि २४ तासांनंतर मुळाच्या सोळाव्या हिश्शाइतकीच उरते. त्यातून निघणारे किरण कॅमेऱ्याने टिपण्याइतके शक्तिशाली असतात, तरी रुग्णाला अपाय होऊ नये इतपत त्यांची मात्रा मर्यादित ठेवता येते. अडचण एवढीच, की इतका अल्पायुषी पदार्थ दूरवरून आणून साठवता येत नाही. त्यावर तोडगा निघाला तो १९५०च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत. मॉलिब्डेनम-९९ हे सुमारे ६६ तास अर्धायुष्य असलेले द्रव्य एका नळीत भरून ठेवायचे आणि त्याच्या ऱ्हासातून तयार होणारे टेक्नेशियम दररोज मिठाच्या पाण्याने धुऊन काढायचे, अशी ती युक्ती. अणुवैद्यक विभागांत या क्रियेला आजही गमतीने 'गाय दोहणे' म्हटले जाते. त्याच सुमारास बर्कले येथे हॅल अँगर याने गॅमा कॅमेरा विकसित केला.

टेक्नेशियम हाडापर्यंत पोहोचवण्यासाठी वाहक लागतो. हे काम फॉस्फेटवर्गीय संयुगे करतात. गोपाल सुब्रमण्यम आणि जॉन मॅकअफी यांनी १९७१ मध्ये असे पहिले संयुग मांडले. १९७५ मध्ये सुब्रमण्यम आणि सहकाऱ्यांनी मिथिलीन डायफॉस्फोनेट, म्हणजेच एमडीपी, हे अधिक सरस असल्याचे दाखवले. हाडातील खनिज स्फटिकांच्या ताज्या पृष्ठभागावर हे संयुग चिकटते. आज जगभर बहुतेक बोन स्कॅन याच किंवा याच कुळातील संयुगांनी होतात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की भारतात या शाखेचा पाया मुंबईत घातला गेला. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये परळ येथे सुरू झाले. अणुऊर्जा विभागाच्या 'ब्रिट' या नवी मुंबईतील संस्थेमार्फत टेक्नेशियमसाठी लागणारी जनित्रे आणि एमडीपीसारख्या संयुगांचे संच देशभरातील रुग्णालयांना पुरवले जातात. अशा विभागांना अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी बंधनकारक आहे.

चाचणी कशी होते?

पूर्ण स्वरूपाची चाचणी तीन टप्प्यांत होते. द्रव्य टोचल्याबरोबर पहिल्या मिनिटभरात घेतलेली चित्रे हातांकडे जाणारा रक्तप्रवाह दाखवतात. पुढील काही मिनिटांत घेतलेले चित्र मऊ ऊतींमध्ये साठलेले रक्त, म्हणजे पर्यायाने सूज दाखवते. त्यानंतर रुग्णाला भरपूर पाणी पिण्यास आणि वारंवार लघवीला जाण्यास सांगितले जाते. हाडांत न बसलेले द्रव्य मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि हाडे स्पष्ट दिसू लागतात. दोन ते चार तासांनी घेतलेले तिसरे चित्र हाडांच्या घडामोडींचे असते.

हात तपासायचे असल्यास दोन बाबींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पहिली सुईची जागा. ज्या हाताची तक्रार आहे त्याच हाताच्या शिरेत सुई टोचली आणि थोडे द्रव्य बाहेर झिरपले, तर तिथे खोटा हॉट स्पॉट उमटतो. म्हणून सुई दुसऱ्या हाताला, आणि दोन्ही हात तपासायचे असतील तर पायाच्या शिरेत देण्याचा पर्याय स्वीकारला जातो. दुसरी बाब चित्र घेण्याची. संपूर्ण शरीराच्या चित्रात बोटे फार लहान दिसतात. त्यामुळे दोन्ही तळवे कॅमेऱ्याच्या पृष्ठभागावर पालथे ठेवून हातांचे वेगळे चित्र घेणे आवश्यक असते. हे वेगळे चित्र नसेल, तर बोटांच्या सांध्यांविषयी ठाम मत देणे अवघड जाते.

अलीकडे अनेक केंद्रांत स्पेक्ट-सीटी ही जोडयंत्रणा उपलब्ध आहे. यात गॅमा कॅमेरा रुग्णाभोवती फिरून त्रिमितीय चित्र घेतो आणि त्यावर सीटी स्कॅनमधील हाडांचा नकाशा चढवला जातो. मनगटातील आठ लहान हाडे एकमेकांना खेटून असल्याने साध्या चित्रात ठिपका नेमका कोणत्या सांध्याचा, हे ठरवता येत नाही. जोडचित्रात ते ठरवता येते.

संशोधन काय सांगते?

हातांच्या झिजेत बोन स्कॅनचा पद्धतशीर अभ्यास १९८०च्या दशकात झाला. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील हटन, डिएप आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या विषयात पायाभूत मानले जातात. गाठी असलेल्या रुग्णांच्या हातांचे क्ष-किरण चित्र आणि चार तासांनंतरचा बोन स्कॅन त्यांनी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दोन्हींत मेळ असेलच असे दिसले नाही. काही सांधे क्ष-किरणात खराब दिसत होते, पण स्कॅनमध्ये थंड होते. काही सांधे क्ष-किरणात निर्दोष होते, पण स्कॅनमध्ये चमकत होते. पुढील पाहणीत असे आढळले, की चमकणाऱ्या सांध्यांमध्ये कालांतराने क्ष-किरणावर दिसणारे बदल होण्याची शक्यता अधिक होती.

यातून झिजेचे एक नवे चित्र उभे राहिले. झीज ही सरळ रेषेत, एकाच वेगाने वाढत नाही. एखादा सांधा काही काळ सक्रिय असतो, त्या काळात त्याची रचना बदलते, गाठ वाढते, वेदना होतात. नंतर तो शांत होतो. गाठ कायम राहते, पण आतली हालचाल थंडावते. अनेक वृद्ध स्त्रियांची बोटे वाकडी झालेली असूनही त्यांना फारशा वेदना नसतात, त्याचा उलगडा यातून होतो. उलट, बोट वरून सरळ दिसत असतानाही ते ठणकत असेल, तर तो सांधा बदलाच्या उंबरठ्यावर असू शकतो.

गुडघ्यांच्या बाबतीत डिएप यांच्याच गटाने १९९३ मध्ये पाच वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. ज्या गुडघ्यांचा स्कॅन सुरुवातीला निर्दोष होता, अशा ५५ गुडघ्यांपैकी एकाचीही फट पाच वर्षांत अधिक अरुंद झाली नाही. ज्या ३२ गुडघ्यांत स्कॅन तीव्र स्वरूपात बिघडलेला होता, त्यांपैकी २८ गुडघ्यांची झीज वाढली. हे आकडे प्रभावी असले, तरी अखेरचा शब्द ठरले नाहीत. अमेरिकेतील मझुका आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गुडघ्यांवरच केलेल्या अभ्यासात, साध्या क्ष-किरणावरील केल्ग्रेन-लॉरेन्स श्रेणी जे भाकीत करते त्याहून सरस भाकीत बोन स्कॅन करत नाही, असा निष्कर्ष काढला. जी माहिती स्वस्त आणि सोप्या तपासणीतून मिळते, तिच्यासाठी महागडी आणि किरणोत्सर्गाची चाचणी का करावी, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

ठिपका दिसतो, कारण दिसत नाही

बोन स्कॅन अतिशय संवेदनशील आहे, पण तितकाच मोघमही आहे. हाडाची घडण कुठे वाढली, हे तो सांगतो. ती का वाढली, हे सांगत नाही. झीज, आमवात, सोरायसिसचा संधिवात, जंतुसंसर्ग, जुनी दुखापत, न दिसलेला अस्थिभंग, गाठ, या सर्वांतच सांधा चमकू शकतो. त्यामुळे अहवाल वाचताना ठिपक्यापेक्षा ठिपक्यांच्या मांडणीला अधिक महत्त्व असते.

बोटांच्या टोकाचे आणि मधले सांधे तसेच अंगठ्याचे मूळ एवढेच चमकत असेल, तर झिजेची शक्यता अधिक. मनगटे आणि बोटांच्या मुळाचे सांधे दोन्ही हातांत सारखेच गडद असतील आणि पहिल्या दोन टप्प्यांतही रक्तप्रवाह वाढलेला असेल, तर आमवाताचा विचार करावा लागतो. टोकाचे सांधे चमकत आहेत आणि नखांवर खड्डे किंवा अंगावर खपल्यांचे चट्टे आहेत, तर सोरायसिसचा संधिवात असू शकतो. झिजेचाही एक आक्रमक प्रकार आहे. त्यात सांध्याच्या मध्यभागी हाड कुरतडले जाते आणि बोटे लाल होऊन सुजतात. या प्रकारात स्कॅनवरील खुणा ठळक असतात आणि आमवाताशी गल्लत होण्याचा धोकाही अधिक असतो. अशा वेळी रक्ततपासणी, क्ष-किरण आणि मुख्य म्हणजे डॉक्टरांनी हात हातात घेऊन केलेली तपासणी, यांची सांगड घातल्याशिवाय निदान होत नाही.

कर्करोगाच्या रुग्णांनी काय समजावे?

स्तनाच्या किंवा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात रोगाचा प्रसार तपासण्यासाठी बोन स्कॅन केला जातो. हे रुग्ण बहुधा ज्या वयात असतात, त्या वयात सांध्यांची झीजही सर्रास असते. त्यामुळे गुडघे, खांदे, कंबरेचे मणके आणि अंगठ्याचे मूळ स्कॅनमध्ये चमकणे ही नेहमीची बाब आहे. अहवालात अशा जागांपुढे 'डिजनरेटिव्ह' असा शेरा असतो. त्याचा अर्थ झिजेमुळे झालेला बदल, एवढाच.

कर्करोग हाडांत पसरतो तेव्हा त्याचा ओढा मणके, बरगड्या, कंबरेचा खुबा यांसारख्या मधल्या हाडांकडे असतो. हाताच्या बोटांपर्यंत तो पोहोचणे फारच दुर्मिळ आहे. एकाच बोटात, सांध्यापासून दूर, असाधारण खूण असेल तर डॉक्टर क्ष-किरण किंवा एमआरआय करून खात्री करतात. स्तनाच्या कर्करोगानंतर हार्मोनविरोधी गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये, विशेषतः ॲरोमाटेझ रोखणाऱ्या औषधांमुळे, हातांचे सांधे आखडणे व दुखणे हा परिचित दुष्परिणाम आहे. या दुखण्याला रोगाचा प्रसार समजून घाबरण्याचे कारण नाही आणि परस्पर गोळ्या बंद करणे तर घातकच. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ही तक्रार मोकळेपणाने सांगितल्यास त्यावर मार्ग काढता येतो.

मग ही चाचणी करावी का?

हातांच्या झिजेचे निदान करण्यासाठी बोन स्कॅनची आवश्यकता नसते. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने १९९० मध्ये निश्चित केलेले निकष केवळ हातांच्या तपासणीवर आधारलेले आहेत : दुखणे किंवा आखडणे, ठरावीक सांध्यांवरील टणक वाढ, बोटांच्या मुळांशी फारशी सूज नसणे आणि सांध्यांचा वाकडेपणा. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार, लक्षणे ठळक असतील तर निदानासाठी कोणत्याही चित्रणाची गरज नाही. गरज पडलीच तर आधी साधे क्ष-किरण चित्र घ्यावे. मऊ ऊतींची तपासणी करायची असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा. कारण नसताना पुनःपुन्हा चित्रे काढत राहू नये, असेही त्यात म्हटले आहे.

सोनोग्राफी आणि एमआरआय यांच्या प्रसारामुळे बोन स्कॅनचे महत्त्व कमी झाले, हे वास्तव आहे. या दोन्ही तपासण्यांत किरणोत्सर्ग नाही. एमआरआयमध्ये कूर्चेखालील हाडात दिसणारे बदल आणि बोन स्कॅनवरील चमक यांचा मेळ बसतो, असे गुडघ्यांवरील अभ्यासांत दिसून आले आहे.

तरीही काही प्रसंगी बोन स्कॅनला पर्याय शोधणे कठीण जाते. मनगट सतत दुखते, पण क्ष-किरणात काहीच दिसत नाही, अशा वेळी मनगटातील होडीच्या आकाराच्या स्कॅफॉइड हाडाचा लपलेला अस्थिभंग स्कॅनमध्ये सापडू शकतो. दुखापतीनंतर हात सुजून, लालसर होऊन आत्यंतिक ठणकत राहण्याचा एक विकार असतो. त्याच्या निदानाला तीन टप्प्यांच्या स्कॅनची मदत होते. अंगठ्याच्या मुळावर शस्त्रक्रिया करण्याआधी दुखणे त्या एकाच सांध्याचे आहे की शेजारच्या सांध्याचेही, हे ठरवायला स्पेक्ट-सीटी उपयुक्त ठरतो. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा भाग असल्याने ज्यांना एमआरआय करता येत नाही, त्यांच्यासाठीही हा मार्ग उरतो. शिवाय एकाच वेळी सर्व सांध्यांचा लेखाजोखा मांडण्याची सोय अन्य चाचण्यांत सहज मिळत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये शरीरातील झिजेचा एकूण भार मोजण्यासाठी संपूर्ण शरीराच्या बोन स्कॅनचा वापर केला, तो याच कारणासाठी.

किरणोत्सर्गाचा हिशेब

सर्वसाधारण बोन स्कॅनमध्ये रुग्णाला सुमारे ३ ते ५ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून प्रत्येकाला वर्षभरात मिळणारा किरणोत्सर्ग जागतिक सरासरीनुसार २.४ मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे एका स्कॅनमधून एक ते दोन वर्षांच्या नैसर्गिक मात्रेइतका किरणोत्सर्ग होतो. हाताच्या क्ष-किरण चित्रात तो मिलिसिव्हर्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. योग्य कारणासाठी केलेल्या चाचणीत ही मात्रा स्वीकारार्ह मानली जाते. पण केवळ 'एकदा बघून घेऊ' म्हणून ही चाचणी करणे समर्थनीय ठरत नाही.

उपचारांशी नाते

एखादी चाचणी उपयुक्त ठरते ती तिच्या निष्कर्षाने उपचार बदलत असतील तर. आजवर हातांच्या झिजेत सांधा सक्रिय आहे की शांत, यावरून औषध बदलण्याची सोय फारशी नव्हती. २०१८ च्या युरोपीय शिफारशींत सांध्यांचे रक्षण कसे करावे याचे शिक्षण, हातांचे व्यायाम, अंगठ्यासाठी पट्टा आणि दुखऱ्या जागी लावायची वेदनाशामक मलमे यांवर भर आहे. आमवातावर वापरले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हातांच्या झिजेत उपयोगी पडत नाही, हे ब्रिटनमधील २०१८ च्या चाचणीने दाखवले. नेदरलँड्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सूज असलेल्या रुग्णांना सहा आठवडे दिलेल्या प्रेडनिसोलोनने वेदना कमी झाल्या, पण हे औषध दीर्घकाळ घेण्याजोगे नाही.

या पार्श्वभूमीवर बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष लक्षवेधी ठरतात. हाडांच्या ठिसूळपणावर वापरले जाणारे डेनोसुमॅब हे इंजेक्शन नेहमीपेक्षा अधिक वारंवार दिल्यास आक्रमक प्रकारच्या झिजेत सांध्यांचे कुरतडले जाणे रोखता येते, असे त्यात क्ष-किरण चित्रांच्या आधारे दिसून आले. हा उपचार अजून सर्वसामान्य वापरात नाही. मात्र हाडाच्या हालचालीवर काम करणारी औषधे उद्या हाती आली, तर कोणता सांधा आज सक्रिय आहे, हे आधी जाणून घेण्याला अर्थ प्राप्त होईल. बोन स्कॅनने चाळीस वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न तोच होता.

चाचणीला जाण्यापूर्वी

* चाचणी कशासाठी करायची आहे आणि तिच्या निष्कर्षाने उपचारात काय बदल होईल, हे डॉक्टरांना विचारावे. आधीची क्ष-किरण चित्रे सोबत न्यावीत.
* तक्रार हातांची असल्यास तसे अणुवैद्यक विभागात आवर्जून सांगावे, म्हणजे सुईची जागा आणि हातांचे वेगळे चित्र यांचे नियोजन होते.
* गरोदर असल्यास, तशी शक्यता असल्यास किंवा बाळाला अंगावर पाजत असल्यास आधीच कल्पना द्यावी.
* उपाशी राहण्याची गरज नसते. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे.
* सुई आणि चित्र यांच्यामध्ये काही तास जातात. त्या वेळात भरपूर पाणी प्यावे. त्या दिवशी तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांच्या फार काळ निकट राहू नये. शौचालयात भरपूर पाणी टाकून हात स्वच्छ धुवावेत.
* अलीकडे हाताला मार लागला असेल, शस्त्रक्रिया किंवा सांध्यात इंजेक्शन झाले असेल, तर ते सांगावे. त्यानेही ठिपके उमटतात.
* अहवालातील 'वाढलेले शोषण' या शब्दांवरून घरीच निष्कर्ष काढू नये. दुखणारा सांधा आणि चमकणारा सांधा एकच आहे का, हे डॉक्टरांसमोर बसून पडताळावे.